घरबसल्या शिलेदारी

गेल्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होते. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तू काय, घरीच असतेस. उद्या दुपारी आमचा सिलिंडर यायचाय, आणि मला नेमके बहिणीकडे ठाण्याला जायचे आहे. जरा घेऊन ठेवशील का गं?"

सिलिंडर मी घेऊन ठेवला. शेजारधर्मच तो, त्यात उपकार कसले? पण 'घरीच असतेस' हे दोन शब्द मात्र दिवसभर कानांत घुमत राहिले. मी दारात गॅसवाल्याला फोनवर आलेला आकडा सांगत होते, तेव्हा आत टेबलावर संगणक चालू होता, भोवती पेन्सिलीने रेखाटलेले दहाबारा कागद पसरले होते आणि रत्नागिरीचे एक आंबा-बागायतदार फोनवर माझी वाट पाहत ताटकळले होते. आमचे 'हे' सकाळच्या गाडीला लोंबकळत फोर्टला जातात, म्हणून ते कामाला जातात. मी स्वयंपाकघरातून उठून पलीकडच्या खोलीत जाते, म्हणून मी घरीच असते!

माझा व्यवसाय वेबसाइट तयार करण्याचा. तोही कुठल्या कंपनीत नव्हे, स्वतंत्रपणे. इंग्रजीत ह्याला 'फ्रीलान्स' म्हणतात. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीत हा शब्द भेटतो, आणि तिथे त्याचा अर्थ आहे भाडोत्री भालाईत. परंतु आपल्याकडे त्याहून नेमका शब्द होता, तो आपण विसरलो. मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी घोड्यावर बसणारा आणि सरकारी हत्यार बाळगणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. शिलेदाराला पगार जास्त आणि मान मोठा, पण घोड्याचा चारा त्याचा त्याने पाहायचा, आणि घोडा मेला तर नुकसानही त्याचेच. तेव्हा माझा धंदा म्हणजे शिलेदारी. घोड्याच्या जागी संगणक आहे, एवढाच काय तो फरक!

ह्या शिलेदारीत करायचे काय असते, त्याला विद्या कोणती लागते आणि त्यावर घर चालते का, असे प्रश्न मला अनेक घरांतून विचारले जातात. विशेषतः ज्यांची मुलेमुली हा मार्ग धरू पाहतात, त्यांच्या आईवडिलांकडून. म्हणून हा लेखनप्रपंच.

भिंती, रंग आणि वीज

वेबचा जन्म स्वित्झर्लंडात जिनीव्हाजवळच्या 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेत झाला. निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सहज पाहता यावेत, म्हणून टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली एक योजना मांडली. पहिले वेबपान निव्वळ अक्षरांचे होते. चित्र नाही, रंगरंगोटी नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी विद्या जगाला फुकट देऊन टाकली. तसे झाले नसते, तर आज माझ्यासारखीला पान बांधण्यासाठी कोणाचा तरी परवाना काढावा लागला असता! आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

वेबपान बांधायला मुख्यतः तीन भाषा लागतात. नवे घर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे समजेल. एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती आणि खोल्या. हा मथळा, हा परिच्छेद, हे बटण, असे ती सांगते. सीएसएस म्हणजे गिलावा, रंग आणि पडदे. होकोन विउम ली ह्या नॉर्वेच्या तरुणाने १९९४ मध्ये ती सुचवली आणि १९९६ मध्ये तिला प्रमाण मानण्यात आले. जावास्क्रिप्ट म्हणजे घरातली वीज. बटण दाबले की दिवा लागतो, घंटा वाजते, ते तिच्यामुळे. ब्रेंडन आइक ह्या अमेरिकन गृहस्थाने १९९५ साली ती अवघ्या दहा दिवसांत रचली. तिच्यातले काही विक्षेप पाहिले की ती घाई अजून जाणवते!

ह्या भाषा कठीण नाहीत. आणि ह्या विद्येची एक मौज अशी, की तिचे स्वयंपाकघर उघडे असते. कुठलेही पान पाहताना ब्राउझरला सांगितले, की ते पान ज्या मजकुरातून बांधले तो मजकूर तुमच्यापुढे येतो. मी निम्मी विद्या अशीच शिकले. एखादे पान आवडले, की आत डोकावायचे, 'हिने फोडणीत काय घातले बरे?' म्हणून पाहायचे आणि घरी येऊन तो पदार्थ आपल्या हाताने करायचा.

पण तीन भाषा आल्या म्हणजे धंदा आला, असे मात्र नव्हे. चौथी एक भाषा लागते. ती म्हणजे साध्या मराठीत प्रश्न विचारण्याची आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसण्याची. ती शिकायला मला सर्वांत जास्त वर्षे लागली.

आंबे पडले पाहिजेत!

फोनवर ताटकळलेले ते बागायतदार पुढे एकदा मुंबईला आले, तेव्हा आमच्या घरीही येऊन गेले. साठीचे गृहस्थ, बोलणे मिठ्ठास. त्यांची मागणी ठरलेली होती. "ताई, पान उघडले रे उघडले, की वरून आंबे पडताना दिसले पाहिजेत! आणि आमच्या आजोबांचा फोटो मोठ्ठा!"

नवशिकी असते तर मी लगेच 'हो' म्हणून आंबे पाडले असते. पण मी विचारले, "काका, गेल्या हंगामात तुम्हांला गिऱ्हाइकांचे फोन आले, त्यांनी काय काय विचारले?"

काका आठवू लागले. पेटी किती डझनांची? आंबा तयार येणार, की घरी पिकवावा लागणार? दादरला कधी पोचेल? दोनचार डागी निघाले तर काय? आणि हा खरा रत्नागिरीचाच कशावरून? मी एकेक प्रश्न कागदावर उतरवून घेतला आणि म्हटले, "काका, आंबे वरून पडतात का, असे किती जणांनी विचारले?"

काका मोकळेपणाने हसले. मग आम्ही दोघांनी मिळून पानाचा क्रम ठरवला. आधी भाव आणि पेटीचा आकार, मग पोचण्याचा दिवस, मग खराब फळाबद्दलची हमी. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि काकांची त्याखाली रीतसर नोंद आहे. तो दाखला म्हणजे पाचव्या प्रश्नाचे उत्तर. आजोबांचा फोटोही राहिला, पण बाग कोणी लावली ह्या मजकुराशेजारी, जिथे त्याला अर्थ होता तिथे.

क्रम ठरला, की कागद आणि पेन्सिल. संगणकाला मी इतक्या लवकर हात लावत नाही. पडद्यावर काढलेली वाईट कल्पनाही नीटनेटकी दिसते आणि मग ती टाकवत नाही. कागद चुरगाळायला मन धजते. रेखाटन आधी फोनच्या लहान पडद्याचे करायचे, मग मोठ्या पडद्याचे. फोन असो की टेबलावरचा संगणक, एकच पान आपले अंग आखडून किंवा पसरून बसले पाहिजे, हा विचार ईथन मार्कोट ह्या अमेरिकन कारागिराने २०१० साली एका लेखात मांडला आणि आमचा धंदाच बदलून टाकला. त्याआधी फोनसाठी निराळी वेबसाइट बांधण्याचा खटाटोप चाले.

मग येते वजन. हो, पानालाही वजन असते! काकांनी फोनवर काढलेला बागेचा एकेक फोटो चारपाच मेगाबाइटचा होता. असे दहा फोटो घातले असते, तर पान उघडेपर्यंत आंब्याचा मोसम संपला असता. मी ते आक्रसून प्रत्येकी दोनशे किलोबाइटच्या आत आणले. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरण्यापूर्वी प्रवाशाला भाव कळतो. अक्षरे आधी येतील आणि चित्रे मागून, असाही बंदोबस्त करावा लागतो. ह्यातले काहीच कोणाला दिसत नाही. आमच्या कामाचा मोठा भाग हा असा असतो. तो चांगला झाला तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि वाईट झाला तर लोक निमूटपणे दुसऱ्या दुकानात जातात.

शेवटी परीक्षा. जेकब नीलसन ह्या तज्ज्ञाने २०००च्या सुमारास दाखवून दिले, की पाच माणसांना पान वापरायला द्या, बहुतेक मोठ्या चुका तेवढ्यात उघड होतात. माझी पाच माणसे म्हणजे सासरे, कॉलेजात जाणारा भाचा, आमचे वॉचमनदादा, एक मैत्रीण आणि शेजारच्या त्याच काकू! काकूंच्या हातात फोन देऊन मी म्हटले, "काकू, दोन डझनांची पेटी ठाण्याला तुमच्या बहिणीकडे पाठवा." आणि गप्प बसले. परीक्षेचा नियमच तसा आहे. काही सांगायचे नाही, बोट दाखवायचे नाही.

काकू भाव वाचून खूष झाल्या. मग बटणाशी येऊन अडल्या. बटणावर मी लिहिले होते, 'कार्टमध्ये जोडा'. काकूंनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "अगं, पण मला आंबे हवेत. हे कार्ट कुठले?"

वीस हजार वेळा मी ते शब्द पाहिले असतील, पण ते कोणाला अडतील असे कधी मनात आले नव्हते. त्याच संध्याकाळी बटणावर 'ही पेटी घ्यायची आहे' असे आले. त्या दिवशी जाताना काकूंनी विचारले, "म्हणजे हे तू केलेस? हे सगळे?" मी मान डोलावली. काकू पुढे काही बोलल्या नाहीत, पण उंबरठ्यावर जरा थबकल्या.

रात्रीचा नंबर

हे सारे मी फार शहाणपणाने सांगते आहे, असे वाटेल. पण हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली आहे, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मी लहान मुलांच्या एका दवाखान्याची वेबसाइट केली. मला तिचा भारी अभिमान होता. फिकट निळी पार्श्वभूमी, त्यावर करड्या रंगाची नाजूक अक्षरे आणि सर्वांत वर एक सुरेख चित्र. त्या चित्रातच मी रात्रीच्या तातडीचा फोन नंबर वळणदार अक्षरांत गुंफला होता. डॉक्टरीणबाईंना ते पान फार आवडले. पैसेही वेळेवर मिळाले.

तीनचार महिन्यांनी बाईंचा फोन आला. आवाज रागाचा नव्हता, म्हणून मला जास्तच लागला. एका आईने मुलाला तापात झटके आले म्हणून रात्री दीड वाजता ते पान उघडले होते. घरात ती एकटीच होती. तिच्या भागात रेंज कमी, म्हणून चित्र आलेच नाही; नुसता रिकामा चौकोन! शेवटी बऱ्याच वेळाने चित्र आले, तेव्हा नंबरावर बोट ठेवले तरी फोन लागेना. लागणार कसा? तो नंबर नव्हताच, नंबराचे चित्र होते. मूल एका हातात धरून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहून घेतले आणि मग फोन केला. मूल सुखरूप राहिले. दुसऱ्या दिवशी ती बाईंना एवढेच म्हणाली, "तुमचे पान सुंदर आहे हो, पण नंबर लागत नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी ते पान बाईंना आवडावे म्हणून केले होते, आणि बाईंनी ते दिवसा, मोठ्या पडद्यावर, स्वस्थपणे पाहिले होते. रात्री दीड वाजता ते उघडणारी आई आमच्या दोघींच्याही डोळ्यांपुढे नव्हती. पैसे देणारे गिऱ्हाईक एक आणि पान वापरणारा माणूस दुसरा. पहिला समोर बसलेला असतो, दुसरा कधीच भेटत नाही. आणि काम करायचे असते ते ह्या न भेटणाऱ्या माणसाचे. माझ्या व्यवसायाचे सारे तत्त्वज्ञान एवढेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पैसे न घेता ते पान पुन्हा बांधले. नंबर साध्या अक्षरांत, सर्वांत वर, बोट लावताच फोन लागेल असा. करडी अक्षरे काळी केली. मग मी त्या शास्त्राचा अभ्यासच केला. वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने सांगून ठेवले आहे, की साधा मजकूर आणि त्यामागचा रंग ह्यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण हवे. पांढऱ्यावर काळे म्हणजे एकवीसास एक. माझी नाजूक करडी अक्षरे दोनालाही पोचत नव्हती. तरुण डोळ्यांना ती दिसत, आजीआजोबांना नाही.

आणि ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांचे काय? तेही वेबसाइट वापरतात. पान मोठ्याने वाचून दाखवणारी साधने असतात. त्यांतले 'एनव्हीडीए' हे ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केले आणि ते आजही फुकट मिळते. ते साधन अक्षरे वाचते. चित्रात काय आहे ते आपण शब्दांत लिहून ठेवले नसेल, तर तिथे ते मुके होते. म्हणून आता प्रत्येक पान मी एकदा डोळे मिटून, नुसते ऐकून पाहते. आपलेच काम डोळे मिटून ऐकल्यावर त्यातला किती भाग निव्वळ नखरा होता, ते फार लवकर कळते.

मराठीची शिरोरेषा

मराठी पाने करणाऱ्याला आणखी एक जबाबदारी असते. एके काळी प्रत्येक मराठी वेबसाइटचा फाँट निराळा. तो उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर नुसते चिन्हांचे कडबोळे दिसे. युनिकोड ह्या जागतिक व्यवस्थेत १९९१ सालापासूनच देवनागरीला १२८ जागांचे घर मिळालेले आहे. पण ते आपल्या संगणकांत आणि फोनांत नीट रुजायला बरीच वर्षे गेली. आज कोणीही मराठी लिहावे आणि कोणीही वाचावे, हे त्याचेच फळ. त्यात 'क्ष' हे एक अक्षर नसून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे असतात, आणि 'दुसऱ्या'मधल्या अर्ध्या र साठी नुक्त्याच्या ऱ ची वेगळी सोय केलेली आहे.

तथापि व्यवस्था असून भागत नाही, मापे आपली हवीत. इंग्रजी अक्षरे ओळीत सरळ उभी राहतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. इंग्रजी मापाने ओळी लावल्या, की वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना टोचतात. काही जण मथळा ऐसपैस दिसावा म्हणून दोन अक्षरांत फट सोडतात. इंग्रजीत ते शोभते. मराठीत शिरोरेषेचेच तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो! पानाच्या आत 'ही भाषा मराठी आहे' असे एका शब्दात सांगून ठेवले, की काही फाँट आपला पाकळीचा ल आपोआप देतात, आणि मोठ्याने वाचणाऱ्या साधनालाही कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते कळते. चांगल्या फाँटांचीही आता वाण नाही. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

घोड्याचा चारा

आता व्यवहार. कारण तुम्ही म्हणाल, विद्या ठीक आहे, पण पोटाचे काय?

शिलेदाराला पगाराची तारीख नसते. एखाद्या महिन्यात तीन कामे येतात आणि रात्री जागावे लागते. मग पुढचे दोन महिने फोन वाजत नाही. प्रॉव्हिडंट फंड नाही, आजारपणाची रजा नाही, आणि दिवाळीचा बोनस हा शब्द मी फक्त 'ह्यां'च्या तोंडून ऐकते. म्हणून माझा पहिला नियम असा, की सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही. मी तो पाळला आणि इतरांनाही तोच सांगते.

दुसरा नियम, सगळे लेखी. किती पाने, किती फेरफार, कोणत्या तारखेला काय, आणि जे करायचे नाही तेही. 'फक्त एवढा एक छोटा बदल' हे वाक्य आमच्या धंद्यातला खरा वाळवीचा किडा आहे. तिसरा हिस्सा रक्कम आधी, तिसरा मध्ये, उरलेली काम हाती देताना. सुरुवातीला मला आगाऊ पैसे मागायची लाज वाटे. एका गिऱ्हाइकाने काम घेऊन वर्षभर नुसत्या तारखा दिल्या, तेव्हा ती लाज गेली. पुढे कळले, की कायदाही आपल्या बाजूला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा जो कायदा आहे, त्याप्रमाणे नोंदणी केलेल्या अशा लहान व्यावसायिकाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. नाही तर बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मी कोर्टाची पायरी चढले नाही, पण बिलाच्या तळाशी ते कलम लिहिल्यापासून उत्तरे लवकर येतात!

तिसरा नियम किल्ल्यांचा. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, हे ठरावीक मुदतीसाठी नोंदवलेले असते. मुदत संपली आणि नूतनीकरण राहिले, की ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. काही कारागीर ते नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवून ठेवतात. माझ्याकडे एक मिठाईवाले आले होते. त्यांचे नाव ज्याच्या खात्यावर होते, तो गृहस्थ फोनच उचलेना. बारा वर्षे पिशव्यांवर छापलेला पत्ता त्यांना सोडून द्यावा लागला. म्हणून मी नाव पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्याच खात्यावर घेते, आणि काम संपले की सगळे संकेतशब्द बंद पाकिटात देते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या कारागिराने लिहिलेल्या कोडचा हक्क मुळात त्याचाच राहतो, आणि दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. पूर्ण पैसे मिळाले, की तो कागदही मी त्याच पाकिटात घालते. गवंड्याने घर बांधून किल्ली खिशात ठेवली, तर त्याला काय म्हणाल?

चौथा नियम 'नाही' म्हणण्याचा. एक व्यापारी मला म्हणाले, "पानावर सतत लिहायचे, फक्त दोनच नग शिल्लक! आणि विम्याच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायची. लोक बघत नाहीत." मी ते काम घेतले नाही. त्या महिन्यात दुसरे काम नव्हते, हेही सांगून टाकते. खोटी घाई दाखवणे आणि न मागितलेली वस्तू हळूच पिशवीत टाकणे, अशा तेरा युक्त्या केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात निषिद्ध ठरवल्या आहेत. पण माझ्या मनात तेव्हा ते प्राधिकरण नव्हते. माझ्या मनात काकू होत्या, चष्मा पुसून प्रत्येक शब्द दोनदा वाचणाऱ्या.

यंत्र दारात आले तेव्हा

आणि आता सगळ्यांच्या ओठांवरचा प्रश्न. दोन वाक्ये सांगितली की पाच मिनिटांत वेबसाइट बांधून देणारी बुद्धिमान यंत्रे आली आहेत. तुमचे कसे होणार?

खोटा धीर मी देणार नाही. चारपाच पानांची साधी कामे माझ्याकडे पूर्वीइतकी येत नाहीत. २००३ साली 'वर्डप्रेस' ही फुकट सोय निघाली, तीही वेबसाइट बांधणे कोणालाही सोपे करणारीच होती. मीसुद्धा आज यंत्राकडून कच्चा खर्डा करून घेते, आणि मग तो निवडते, जसे आपण बाजारातून आणलेले तांदूळ निवडतो. पण 'गेल्या हंगामात लोकांनी काय विचारले?' असे काकांना विचारावेसे वाटले, ते त्यांचा हसरा चेहरा आणि अडखळलेले बोलणे समोर होते म्हणून. काकूंच्या शेजारी गप्प बसून त्यांचे बोट कुठे थबकते, ते पाहायला माणूसच लागतो. आणि रात्री दीड वाजता नंबर लागला नाही, तर झोप उडायलाही कोणी तरी लागतेच. भिंती बांधणे यंत्राने सोपे केले. आत राहणाऱ्याची काळजी कोणी करायची, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

तेव्हा तुमच्या मुलाला किंवा मुलीला हा मार्ग धरायचा असेल, तर तिला आधी भाषा शिकू द्या, तिन्ही, आणि आपली मराठीही. ओळखीच्या दुकानदाराचे, वाचनालयाचे एखादे लहान काम तिला नीट, लेखी करार करून करू द्या. आणि ती खोलीचे दार लावून बसली असेल, तर ती कामावर गेली आहे असे समजा.

काकांच्या आंब्यांचा हंगाम चांगला गेला. वरून एकही आंबा पडला नाही, आणि काकांनी त्याची आठवणही काढली नाही. मोसमाच्या शेवटी आमच्या घरी मात्र एक पेटी आली. तीतले अर्धा डझन आंबे मी काकूंकडे नेऊन दिले.

यंदाच्या जानेवारीत मी एका कामाच्या घाईत होते. दारावरची घंटा वाजली. मी उठणार तोच बाहेरून काकूंचा आवाज आला. गॅसवाल्याला त्या सांगत होत्या, "त्यांची घंटा वाजवू नका हो. ती कामात असते ह्या वेळेला. तिचा सिलिंडर आमच्याकडे ठेवा."

मी पुन्हा खुर्चीवर बसले.